इंग्रजीत ‘च’ नाही: वाक्याच्या बांधणीतून जोर कसा आणायचा

‘मीच सांगितलं.’ ‘मी त्यालाच सांगितलं.’ ‘मी त्याला सांगितलंच.’ एक अक्षर जागा बदलतं आणि जोर त्याच्यामागे जातो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. बोलायला लागलेलं पोरसुद्धा ‘मलाच हवं’ म्हणतं.

इंग्रजी लिहायला बसलं की पहिली अडचण इथेच येते, कारण इंग्रजीत ‘च’ नाही. मग आपण ‘ओन्ली’ चिकटवतो. ‘आय ओन्ली टोल्ड हिम’ असं लिहितो आणि समजतो की ‘मीच त्याला सांगितलं’ हे पोचलं. वाचणाऱ्याला मात्र ‘मी त्याला नुसतं सांगितलं, बाकी काही केलं नाही’ असं ऐकू येतं. कुणी ‘व्हेरी’, ‘रिअली’ यांची रास घालतो, कुणी उद्गारचिन्हं वाढवतो. जोर येत नाही तो नाहीच.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे इंग्रजी निबंध मी बरीच वर्षं तपासतो आहे. व्याकरण बिनचूक असलेले निबंधसुद्धा सपाट वाटतात, ते याच कारणाने. मराठीत जे काम ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’ ही चिमुकली अक्षरं करतात, ते इंग्रजीत शब्दाची जागा करते. इंग्रजीतले बरेचसे अलंकार म्हणजे शब्दांना ठरावीक जागी बसवण्याच्या रीती आहेत. त्यामुळे आधी जागा आणि मग अलंकार, या क्रमाने शिकावं.

शिकण्यासाठी नमुना म्हणून मी एकच भाषण वापरतो: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेलं समारोपाचं इंग्रजी भाषण. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं गेलं. भाषणाची सुरुवात अगदी हिशेबी आहे. ९ डिसेंबर १९४६च्या पहिल्या बैठकीपासून २ वर्षं, ११ महिने, १७ दिवस. मसुदा समितीच्या कामाचे १४१ दिवस. मांडलेल्या ७,६३५ दुरुस्त्या आणि त्यांतल्या प्रत्यक्ष चर्चेला आलेल्या २,४७३. हे सगळं कोरड्या सुरात सांगून झाल्यावर वाक्यं हळूहळू तापत जातात. हेच भाषण निवडण्याचं आणखी एक कारण आहे. १९२०पासून मराठीत वृत्तपत्रं चालवणाऱ्या लेखकाचं हे इंग्रजी आहे. आपल्याच मातीतला माणूस ही परकी वाक्यरचना किती ताकदीने वाकवतो, हे पाहिलं की मुलांची भीती निम्म्याने कमी होते.

उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण वाक्याचा तोल डोळ्यांआधी कानाला कळतो.

पहिली पायरी: कणा सरळ करा

इंग्रजी वाक्याचा कणा म्हणजे कर्ता आणि क्रियापद. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत वाट पाहायची आपल्या कानाला सवय असते. ‘सोमवारी सरपंचांच्या कार्यालयात झालेल्या बैठकीतला पाण्याच्या टाकीबद्दलचा निर्णय अजून प्रलंबित आहे’ हे वाक्य आपण सहज पेलतो. तेच इंग्रजीत जसंच्या तसं ओतलं की असं होतं:

‘द डिसिजन ऑफ द मीटिंग विच वॉज हेल्ड ऑन मंडे इन द ऑफिस ऑफ द सरपंच रिगार्डिंग द वॉटर टँक इज पेंडिंग.’

‘डिसिजन’ आणि ‘इज’ यांच्यामध्ये अठरा शब्द आहेत. इंग्रजी वाचकाला कोणी काय केलं हे लगेच हवं असतं. क्रियापद लांबलं की त्याच्या हातून धागा सुटतो. मग असं करा:

‘द कमिटी मेट ऑन मंडे. इट टॉक्ड अबाउट द वॉटर टँक अँड डिसायडेड नथिंग.’

कामाला लागणारी युक्ती अशी: प्रत्येक वाक्यात ‘कोणी?’ आणि ‘काय केलं?’ यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. दोन रेघांमध्ये सात-आठ शब्दांहून जास्त अंतर पडलं, तर वाक्य तोडा किंवा मधलं लटांबर क्रियापदाच्या पुढे हलवा.

याच पायरीवर मराठीच्या आणखी दोन सवयी आडव्या येतात. पहिली ‘जरी-तरी’ची. आपण ‘ऑल्दो’ने सुरुवात करतो आणि मध्ये ‘बट’ घालतो, कारण मराठीत जोडी लागते. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतो. दुसरी सवय जास्त फसवी आहे. ‘शाळेत जाताना मला कुत्रा चावला’ हे मराठीत स्वच्छ वाक्य आहे. ‘वॉकिंग टू स्कूल, अ डॉग बिट मी’ असं लिहिलं की इंग्रजीत कुत्राच शाळेला निघतो. स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल, सुरुवातीची क्रिया त्याच्याच नावावर जमा होते. म्हणून ‘अ‍ॅज आय वॉज वॉकिंग टू स्कूल’ असं लिहून ‘मी’ला त्याची जागा द्यावी लागते.

दुसरी पायरी: शेवटची जागा मोलाची

इंग्रजी वाक्यात सगळ्यात जास्त वजन शेवटच्या जागेला असतं, त्याखालोखाल पहिल्या जागेला. मधली जागा जणू वाक्याची वळचण. तिथे ठेवलेलं कुणाच्या नजरेत भरत नाही.

एक वाक्य तीन प्रकारे पाहू.

‘माय ग्रँडमदर वॉक्ड टू पंढरपूर एव्हरी इयर अंटिल शी वॉज सेव्हन्टी-एट.’

‘अंटिल शी वॉज सेव्हन्टी-एट, माय ग्रँडमदर वॉक्ड टू पंढरपूर एव्हरी इयर.’

‘एव्हरी इयर, अंटिल शी वॉज सेव्हन्टी-एट, माय ग्रँडमदर वॉक्ड टू पंढरपूर.’

शब्द तेच आहेत. पहिल्यात आजीचं वय मनात राहतं, दुसऱ्यात एकही वारी न चुकवणं, तिसऱ्यात पंढरपूर. मराठीत आपण ‘अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंतच’ नाहीतर ‘पंढरपूरलाच’ म्हणून मोकळे झालो असतो. इथे काय ठसवायचं ते आधी ठरवून त्या शब्दाला शेवटी नेऊन बसवायचं.

बाबासाहेबांचं एक वाक्य बघा. ‘ऑन द ट्वेंटी-सिक्स्थ ऑफ जॅन्युअरी नाइन्टीन-फिफ्टी, वी आर गोइंग टू एंटर इंटू अ लाइफ ऑफ कॉन्ट्रॅडिक्शन्स.’ २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात पाऊल टाकणार आहोत. आधी तारीख येते, सगळ्या देशाच्या आनंदाची. वाक्य समारंभाला निघाल्यासारखं चालू लागतं आणि ज्या शब्दावर थांबतं तो शब्द ‘कॉन्ट्रॅडिक्शन्स’. हेच उलटं लिहून पाहा, ‘वी आर गोइंग टू एंटर इंटू अ लाइफ ऑफ कॉन्ट्रॅडिक्शन्स ऑन...’ आणि पुढे तारीख. नुसती सरकारी सूचना उरते.

त्याच परिच्छेदात पुढे, ही समता आपण फार काळ नाकारत राहिलो तर काय होईल ते सांगणारं वाक्य ‘...ओन्ली बाय पुटिंग अवर पोलिटिकल डेमॉक्रसी इन पेरिल’ असं संपतं. शेवटचा शब्द ‘पेरिल’, म्हणजे धोका. भाषण छापील स्वरूपात सहज मिळतं. या परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवर बोट ठेवत जा.

आता सुरुवातीच्या तीन ‘च’ना इंग्रजीत घर देऊ. ‘मीच सांगितलं’ म्हणजे ‘इट वॉज आय हू टोल्ड हिम’. ‘त्यालाच सांगितलं’ म्हणजे ‘ही इज द वन आय टोल्ड’. ‘सांगितलंच’ म्हणजे ‘आय डिड टेल हिम’. शेवटच्या वाक्यातलं ‘डिड’ शाळेत प्रश्न आणि नकारापुरतं शिकवतात, त्यामुळे होकारार्थी वाक्यात ते वापरायची मुलांना धास्ती वाटते. खुशाल वापरा, मात्र पानात एखाद्याच वेळी.

तिसरी पायरी: समांतर रचना

‘ही लाइक्स रीडिंग, टू स्विम अँड क्रिकेट.’ अर्थ कळतो, पण तीन गोष्टी तीन वेगळ्या साच्यांत आहेत, त्यामुळे कान अडखळतो. ‘रीडिंग, स्विमिंग अँड प्लेइंग क्रिकेट’ केलं की वाक्य एका रांगेत येतं. इंग्रजीत ‘अँड’ने जोडलेल्या सगळ्या गोष्टींची व्याकरणातली जात एकच लागते: नामांबरोबर नामं, क्रियांबरोबर क्रिया. हा नियम पाळला की पुढचे बहुतेक अलंकार फारशा खटपटीशिवाय हाती लागतात.

भक्ती आणि कृतज्ञता यांच्याबद्दल बोलताना बाबासाहेबांनी आयरिश देशभक्त डॅनिएल ओकॉनेल यांचं एक वचन दिलं आहे. ‘नो मॅन कॅन बी ग्रेटफुल अ‍ॅट द कॉस्ट ऑफ हिज ऑनर, नो वुमन कॅन बी ग्रेटफुल अ‍ॅट द कॉस्ट ऑफ हर चॅस्टिटी अँड नो नेशन कॅन बी ग्रेटफुल अ‍ॅट द कॉस्ट ऑफ इट्स लिबर्टी.’ कोणताही पुरुष आत्मसन्मानाची, कोणतीही स्त्री शीलाची आणि कोणतंही राष्ट्र स्वातंत्र्याची किंमत देऊन कृतज्ञ राहू शकत नाही. साचा तीनदा तोच, बदलतात फक्त दोन नामं आणि त्यांच्याबरोबरचं सर्वनाम. साचा तोच राहिल्यामुळेच बदललेले शब्द उठून दिसतात. क्रमही पाहा: दोन व्यक्ती झाल्यावर अख्खं राष्ट्र येतं आणि शेवटचा शब्द आहे ‘लिबर्टी’. तीन भागांच्या अशा रचनेला ट्रायकोलन म्हणतात. त्यात सर्वांत मोठी किंवा जड गोष्ट तिसऱ्या जागी ठेवावी.

अब्राहम लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग इथे म्हटलेलं ‘ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल’ सगळ्यांना पाठ असतं. त्यात ‘अँड’ नाही, हे मात्र क्वचितच कुणाच्या ध्यानात येतं. उभयान्वयी अव्यय गाळण्याच्या या रीतीला असिंडेटन म्हणतात. ‘अँड’ आला की यादी संपल्यासारखी वाटते. तो गाळला की तिन्ही भाग एकाच दमात येतात.

चौथी पायरी: विरोध, आणि त्यातला बारीक तिरपेपणा

या पायरीवर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ देतो. दोन विरुद्ध कल्पना समांतर साच्यात समोरासमोर उभ्या केल्या की अँटिथिसिस होतो. सोपा वाटतो, आणि म्हणूनच तो फार वेळा पोकळ निघतो. ‘सायन्स इज अ गुड सर्व्हंट बट अ बॅड मास्टर’ हे वाक्य मी शेकडो वह्यांमध्ये वाचलं आहे. ते लिहिताना एकाही मुलाने विचार केलेला नसतो.

विचारातून आलेला विरोध कसा दिसतो ते इथे पाहा:

‘हाउएव्हर गुड अ कॉन्स्टिट्यूशन मे बी, इट इज शुअर टू टर्न आउट बॅड बिकॉज दोज हू आर कॉल्ड टू वर्क इट, हॅपन टू बी अ बॅड लॉट. हाउएव्हर बॅड अ कॉन्स्टिट्यूशन मे बी, इट मे टर्न आउट टू बी गुड इफ दोज हू आर कॉल्ड टू वर्क इट, हॅपन टू बी अ गुड लॉट.’

संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट असतील तर ते वाईट ठरणारच. आणि कितीही वाईट असलं तरी राबवणारे चांगले असतील तर ते चांगलं ठरू शकेल. वरवर ही दोन वाक्यं म्हणजे आरशातली प्रतिबिंबं. आता दोन्हींमधली क्रियापदं ताडून पाहा. पहिल्यात ‘इज शुअर टू’, म्हणजे खात्री. दुसऱ्यात ‘मे’, म्हणजे शक्यता. पहिल्यात ‘बिकॉज’, दुसऱ्यात ‘इफ’. वाईट माणसं चांगलं संविधान हमखास बिघडवतील. चांगली माणसं वाईट संविधान कदाचित सावरतील. दोन पारडी एकसारखी दिसतात, पण काटा एका बाजूला झुकलेला आहे, आणि बाबासाहेबांचा सगळा अनुभव त्या झुकण्यात आहे. साचा तंतोतंत जुळवण्याच्या मोहात ‘मे’च्या जागीही ‘इज शुअर टू’ आलं असतं, तर वाक्य जास्त गुळगुळीत झालं असतं आणि खोटंही.

भक्तीवरच्या वाक्यातही हाच तिरपेपणा आहे. ‘भक्ती इन रिलिजन मे बी अ रोड टू द साल्व्हेशन ऑफ द सोल. बट इन पॉलिटिक्स, भक्ती ऑर हीरो-वर्शिप इज अ शुअर रोड टू डिग्रेडेशन अँड टू इव्हेन्चुअल डिक्टेटरशिप.’ धर्मातला रस्ता ‘मे बी’, राजकारणातला ‘शुअर’. शिवाय शब्दांचा क्रम उलटला आहे. आधी ‘भक्ती इन रिलिजन’, मग ‘इन पॉलिटिक्स, भक्ती’. त्यामुळे दुसऱ्या वाक्यात ‘राजकारणात’ हा शब्द पुढे येतो, मराठीत ‘राजकारणात मात्र’ म्हटल्यासारखा.

जोडशब्दही तपासा. ‘इन पॉलिटिक्स वी विल हॅव इक्वॉलिटी अँड इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ वी विल हॅव इनइक्वॉलिटी.’ राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. इथे कुणीही ‘बट’ लिहिलं असतं. ‘अँड’मुळे समता आणि विषमता एकाच छपराखाली नांदताना दिसतात, आणि आधीच्या वाक्यातला ‘कॉन्ट्रॅडिक्शन्स’ हा शब्द डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘बट’ने ती फक्त एक तक्रार झाली असती.

पाचवी पायरी: उलट क्रम

‘लिबर्टी कॅनॉट बी डिव्होर्स्ड फ्रॉम इक्वॉलिटी, इक्वॉलिटी कॅनॉट बी डिव्होर्स्ड फ्रॉम लिबर्टी. नॉर कॅन लिबर्टी अँड इक्वॉलिटी बी डिव्होर्स्ड फ्रॉम फ्रॅटर्निटी.’

अ-ब, मग ब-अ. या फुलीसारख्या रचनेला कायझमस म्हणतात, ग्रीक लिपीतल्या फुलीच्या आकाराच्या अक्षरावरून. जॉन केनेडी यांचं २० जानेवारी १९६१चं ‘आस्क नॉट व्हॉट युवर कंट्री कॅन डू फॉर यू’ हे याच जातीचं. स्वातंत्र्य आणि समता एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, हे सांगताना शब्दही एकमेकांत गुंतवले आहेत. तिसरं वाक्य ‘नॉर’ने सुरू होतं. नकारार्थी शब्द पुढे आला की ‘कॅन’ कर्त्याच्या आधी उडी मारतो, प्रश्नात मारतो तशी. आपली मुलं इथे हमखास ‘नॉर लिबर्टी कॅन’ असं लिहितात. ‘नेव्हर’, ‘नॉट ओन्ली’, ‘सेल्डम’ यांनी वाक्य सुरू केलं तरी हेच करायचं: ‘नेव्हर हॅव आय सीन’.

गोष्टी खरोखर एकमेकींवर अवलंबून असतील तेव्हाच कायझमस शोभतो. एरवी तो शब्दांची कसरत होतो.

सहावी पायरी: पुनरुक्ती आणि प्रश्न

शाळेत सांगतात, तोच शब्द पुन्हा नको. माहितीपर लेखनात ते योग्य आहे. पण वाक्यांच्या सुरुवातीला तेच शब्द मुद्दाम परत आणणं हा अ‍ॅनाफोरा नावाचा अलंकार आहे. आपल्याला तो अभंगाच्या ध्रुवपदामुळे परका वाटू नये. ‘हाउ लाँग शॅल वी कंटिन्यू टू लिव्ह धिस लाइफ ऑफ कॉन्ट्रॅडिक्शन्स? हाउ लाँग शॅल वी कंटिन्यू टू डिनाय इक्वॉलिटी इन अवर सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ?’ फक्त दोनदा. पुनरुक्तीमागे दुसरं वाक्य पहिल्याचा अर्थ उघडून दाखवतं: विसंगती म्हणजे नेमकं काय, तर समता नाकारणं. दुसऱ्या खेपेला नवं काहीच येत नसेल, तर ते वाक्य काढून टाका.

सातवी पायरी: लांब-आखूड

सगळी वाक्यं एकाच मापाची असली की वाचक पेंगतो. ‘इट इज नॉट दॅट इंडिया वॉज नेव्हर अ‍ॅन इंडिपेंडंट कंट्री. द पॉइंट इज दॅट शी वन्स लॉस्ट द इंडिपेंडन्स शी हॅड. विल शी लूज इट अ सेकंड टाइम?’ भारत कधी स्वतंत्र नव्हता असं नाही. त्याने असलेलं स्वातंत्र्य एकदा गमावलं. ते दुसऱ्यांदा गमावेल का? तिसरं वाक्य जेमतेम सात शब्दांचं. आधीच्या दोन वाक्यांनी तयार केलेला सगळा भार या सात शब्दांवर येतो. आखूड वाक्य लांब वाक्यांनंतर आणा. तीन-चार आखूड वाक्यं सलग आली तर जाहिरात वाटते.

आता तुमची वही

स्वतः लिहिलेला एक इंग्रजी परिच्छेद घ्या, साधारण आठ-दहा वाक्यांचा. वेगळ्या कागदावर प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द एकाखाली एक उतरवा. त्या स्तंभात ‘ऑल्सो’, ‘देअर’, ‘एटसेट्रा’, ‘इन धिस रिगार्ड’ असले शब्द दिसले, की ती वाक्यं फिरवायची आहेत. मग पहिल्या पायरीच्या रेघा मारा. त्यानंतर प्रत्येक वाक्यातले शब्द मोजून समासात आकडे लिहा. १८, १७, १९, १८ असे आकडे आले तर एक वाक्य मोडून सहाचं करा.

अलंकाराकडे सगळ्यात शेवटी वळा आणि एका परिच्छेदात एकच घ्या. सांगाडा उसना घेतला तरी चालेल. वरच्या समता-विषमतेच्या वाक्याचा सांगाडा घेऊन, दुष्काळी भागातल्या एका गावाबद्दल माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं: ‘ऑन पेपर वी हॅव अ टॅप इन एव्हरी हाउस, अँड इन मे वी हॅव अ टँकर अ‍ॅट द एंड ऑफ द रोड.’ तिने ‘बट’ लिहिलेलं खोडून ‘अँड’ केलं होतं. खाडाखोड वहीत तशीच दिसत होती आणि मी ती खाडाखोडच फळ्यावर उतरवली.